बेलाचं तोडलेलं टोक

आमच्या घरात पांघरुणाला कवदी म्हणत. शाळेत किंवा बाजारात गेलं की तीच वस्तू गोधडी व्हायची, नाहीतर वाकळ. घरात कानडी, उंबऱ्याबाहेर मराठी आणि अप्पांच्या किराणा दुकानात दोन्हींत उर्दू कालवलेली तिसरीच कुठलीतरी भाषा, अशा तीन भाषांत आम्ही भावंडं वाढलो आणि त्यात काही विशेष आहे असं कुणाला वाटत नसे. गाव उदगीरच्या बाजूला, पलीकडच्या माळावर उभं राहिलं की कर्नाटकातली झाडं दिसायची. झाडं म्हणजे इकडच्यासारखीच बाभळी. ज्या वर्षाबद्दल मी लिहिते आहे त्या वर्षी लातूर नवा जिल्हा झाला होता. शाळेच्या छापील कागदांवरचं उस्मानाबाद हेडमास्तर लाल शाईनं खोडून वर लातूर लिहायचे. अप्पा गिऱ्हाइकांना सांगायचे, "माझा जन्म बिदर जिल्ह्यातला, लग्न उस्मानाबादेतलं, आता म्हातारपण लातुरात. जागचा हललो न्हाई बघा, आन् तीन जिल्हे फिरून आलो." गिऱ्हाईक हसायचं, आणि बरेचदा काही न घेता जायचं. कारण त्याच वर्षी पाऊस नव्हता. त्याच्या आदल्या वर्षीही धड नव्हता.

घरात अप्पा, आई जिला आम्ही अव्वा म्हणायचो, मी, माझे दोन धाकटे भाऊ आणि दोड्डव्वा. दोड्डव्वा म्हणजे अव्वाची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, सासरच्यांनी नको म्हटलं नाही पण थांबही म्हटलं नाही, म्हणून ती धाकट्या बहिणीकडे आली ती कायमची. कुणाच्या आधारानं राहणाऱ्या बाईसारखी ती कधी वागली नाही. सकाळी अंघोळ, कपाळाला विभूती, गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं लिंग तळहातावर घेऊन पूजा, आणि त्यानंतर जो तिचा दिवस सुरू व्हायचा तो कवदीच्या काठावर. ओसरीत जुनं धोतर किंवा नऊवारी पसरायची, त्यावर थर टाकायची, आणि काठापासून धावदोरा घालत घालत आत सरकायची. समोरच्या बाजूला दुसरी कुणी बसली तर तीही काठापासून आत यायची. टाके मधोमध भेटले की कवदी झाली. सुई कापडाच्या तीन-चार थरांतून जाताना बारीक कुचकुच आवाज येतो. तो आवाज आणि अव्वाचं भाकरी थापणं, माझ्या लहानपणाची पार्श्वभूमी विचाराल तर एवढीच. पक्षीबिक्षी आमच्याकडे फारसे नव्हते.

आता मुद्द्याचं सांगते. त्या भागात प्रत्येक घराच्या कवदीचा कोपरा ठरलेला होता. कुणाच्या चार कोपऱ्यांवर पोपट, कुणाच्या पणत्या, कुणाच्या नुसत्या एकात एक बसवलेल्या चौकटी. जत्रेत शंभर बैलगाड्या सुटलेल्या असल्या तरी जुवावर टाकलेल्या कवदीचा कोपरा बघून कोण कुठल्या घरचं ते बायकांना लांबून कळायचं. आमच्या घरचा, म्हणजे अव्वा आणि दोड्डव्वाच्या माहेरचा, बेल. लाल इरकलीच्या वीतभर तुकड्याची दोड्डव्वा एक घडी घालायची, मग तिरकी दुसरी, आणि खडू न लावता, रेघ न ओढता कात्री चालवायची. घडी उलगडली की तीन पानांचा बेल. चारही कोपऱ्यांचे चार बेल एकमेकांवर ठेवले तर सुताचा फरक नसायचा. सगळ्यात शेवटी ती मधल्या पानाचं टोक कात्रीनं उडवायची, कचकन, तिरकं. ते मला खटकायचं. इतकं नीट कापायचं आणि शेवटी टोक बिघडवायचं कशाला? मी मनात ठरवून टाकलं होतं की घडीत शेवटाला काहीतरी चुकत असणार आणि ती ते झाकत असणार. विचारलं नाही. त्या वयात मला भूमितीत पैकीच्या पैकी मिळत होते, त्यामुळे विचारायची गरज वाटत नव्हती.

दुसऱ्या घरचा कोपरा घ्यायचा असेल तर त्याची एक रीत होती. पानसुपारीचा विडा घेऊन त्या घरी जायचं, मागायचं, आणि देणारीच्या शेजारी बसून पहिला कोपरा तिच्या देखत शिवायचा. बोलत बोलत दिवस जायचा, कधी दोन दिवस. जातपात आड यायची नाही. शेजारच्या शिंप्याची बायको रहिमतबी, जिच्याकडून आम्हाला चिंध्या मिळायच्या, तिनं लेकीच्या लग्नाच्या वेळी असाच विडा आणून आमचा बेल मागितला होता. "दोड्डव्वा, मेरे पोरीला तुमचा पान पायजे. मना नको करू." दोड्डव्वा म्हणाली, "मना कशाला करू? बस." रहिमतबी तीन दिवस आमच्या ओसरीत बसली होती. अव्वानं तिला तिन्ही दिवस जेवू घातलं. लेकीला मात्र तो आपोआप मिळायचा नाही. घरची मुलगी वयात आली की तिनंही मागायचं, तिनंही शेजारी बसायचं. माझी वेळ आली होती. दोड्डव्वा काही बोलायची नाही, पण लाल इरकलीचे दोन चांगले तुकडे तिनं बाजूला काढून ठेवलेले मी पाहिले होते. मला सवड नव्हती. शाळा होती, आणि खरं सांगायचं तर बाकी मैत्रिणी रुमालावर रेशमाचे गुलाब काढत असताना मला चिंध्या जोडत बसायचं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात गावच्या विहिरीत टँकर ओतायचे. भोंगा ऐकू आला की हातातलं टाकून घागरी घेऊन पळायचं. टँकरचं पाणी विहिरीत पडताना आधी कोरड्या दगडावर आपटायचं, त्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. आमच्या ताटात ज्वारीच्या भाकरीची जागा हुलग्याच्या माडग्यानं घेतली. अव्वा त्यात लसूण ठेचून घालायची आणि म्हणायची, "प्यायला जरा तरी चव लागू दे." धाकटा भाऊ रोज विचारायचा, "आज भाकरी न्हाई?" आणि अव्वा रोज म्हणायची, "उद्या." दुकानात मीठ आणि काडेपेटी एवढंच विकलं जायचं. गावातली निम्मी माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची, बायका जास्त. माझ्या वर्गातली गोदा, माझ्याच बाकावर बसायची, आमच्याच गावातून माझ्याबरोबर शाळेच्या गावाला चालत यायची, ती शाळा सोडून आईबरोबर खडीवर जायला लागली. एकदा हातोडा बोटावर बसला आणि तिच्या डाव्या अंगठ्याचं नख काळं होऊन निघून गेलं. तिनं ते मला दाखवलं, जसं कुणी नवी बांगडी दाखवावी तसं. "बघ गं नंदे, नखच न्हाई. आता नखात माती जायची भीती न्हाई." मी हसले. मग मला हसल्याचं कसंतरी वाटलं.

अशात शाळेच्या गावी मालतीबाई आल्या. नव्या जिल्ह्याच्या कुठल्याशा कचेरीनं त्यांना पाठवलं होतं. वय तिशीच्या आतलं, पायात चपलांऐवजी बूट, बोलणं शहरातलं, पण बाई चांगल्या होत्या, हे मी तेव्हाही मानत होते आणि आजही मानते. त्यांचं म्हणणं साधं होतं. ज्या बायकांना खडी झेपत नाही, त्यांनी शाळेच्या सभागृहात सावलीत बसून गोधड्या शिवाव्यात. खडीइतकीच मजुरी मिळेल. गोधड्या लातूरच्या प्रदर्शनात मांडायच्या. तिथून मागणी आली तर वर्ग पुढंही चालू राहील, नाही आली तर बंद. तीस बायका जमल्या. माझ्या सांगण्यावरून गोदाही आली. फक्त मालतीबाईंना एकच नक्षी हवी होती, सगळ्यांची सारखी, म्हणजे प्रदर्शनात ती एका जिल्ह्याची म्हणून दिसेल. कुणीतरी त्यांना आमच्या घरचं नाव सांगितलं आणि त्या धुळीतून चालत आमच्या ओसरीत आल्या.

दोड्डव्वानं त्यांना पाणी दिलं. त्या वर्षी पाणी देणं म्हणजे काय होतं ते ज्यांनी ते वर्ष काढलं त्यांना सांगायला नको. मालतीबाईंनी कवदी उलटीपालटी करून बघितली, बेलावर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "आजी, हीच नक्षी हवी. तुम्ही एकदा वर्गावर येऊन सगळ्यांना दाखवाल का?"

"दाखवून येत न्हाई ते बाई. बसावं लागतंय."

"मग बसा की आमच्याबरोबर. एक दिवस."

"तीस जणी हाईत म्हणता. एकेकीनं यावं. विडा नसला तरी चालंल, दुष्काळ हाय. पर यावं, मागावं, बसावं. मी कुणाला न्हाई म्हणायची न्हाई."

मालतीबाई हसल्या, वाईट हसल्या नाहीत. "आजी, प्रदर्शनाला महिनासुद्धा उरला नाही."

"मग पुढल्या साली करा प्रदर्शन," दोड्डव्वा म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला लागली. तिला वाटलं बोलणं संपलं. मालतीबाईंना वाटलं म्हातारी अडून बसली. दाराशी मी उभी होते, आणि मला काय वाटलं तेच मी या प्रकरणात लिहायला बसले आहे.

मला वाटलं, यात काय अवघड आहे? त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी भर दुपारी, दोड्डव्वा पडलेली असताना मी तिच्या कवदीचा कोपरा पाटावर पसरला, पट्टीनं बेल मोजला आणि आलेखाच्या कागदावर उतरवला. मधली रेघ काढून एक बाजू दुसऱ्या बाजूवर तंतोतंत बसवली. मधल्या पानाचं टोक मात्र कागदावर बसेना, कारण ते एका बाजूनं तिरकं उडवलेलं होतं. म्हणून मी ते पुरं केलं. टोकदार, सरळ, जसं असायला हवं तसं. मग तो कागद पुठ्ठ्यावर चिकटवला आणि पुठ्ठा कापायला मोठी कात्री लागते म्हणून शेजारी रहिमतबीकडे गेले.

तिनं मी कापत असताना पाहिलं. "ये दोड्डव्वाचा पान हाय ना?"

"हाव. वर्गासाठी."

"तिनं दिलं?"

मी कात्री चालवत राहिले. रहिमतबीनं पुठ्ठा हातात घेतला, उजेडात धरला. "बेटी, याचं टोक तोड. पान फाटकं पायजे. मला पयल्या दिवशी तेच सांगितलं होतं तिनं."

"का?"

"ते तिलाच इचार. मला मालूम हाय, पर तुझ्या घरची बात हाय, मी कशाला सांगू?"

मी म्हणाले, "बाईंना नीटनेटकं पाहिजे," आणि पुठ्ठा पिशवीत घातला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. रहिमतबीनंही कधी कुणाला सांगितलं नाही. ती गेली, दोड्डव्वा गेली, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. मला कुणी सांगितलं नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही. सांगितलं होतं.

मालतीबाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्यांनी पुठ्ठ्याच्या आणखी प्रती केल्या, बायकांनी पुठ्ठा कापडावर ठेवून खडूनं आखलं आणि कापलं. भराभर काम व्हायला लागलं. सभागृहात पंखा होता, तो वीज असेल तेव्हा फिरायचा. बायका बोलायच्या, एकमेकींच्या सासवांची नक्कल करायच्या, आणि दुपारी आपापलं फडकं सोडून जे असेल ते वाटून खायच्या. गोदाच्या अंगठ्यावर नवं नख यायला लागलं. मी शाळा सुटली की तिथं जायचे आणि प्रत्येकीच्या बेलाचे कोपरे तपासायचे. माझ्याइतकी बारीक नजर कुणाची नाही, असं मालतीबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या. मला फार बरं वाटलं, ते खोटं कशाला सांगू? गोदाला मी बजावलं होतं, "घरी बोलू नको." ती म्हणाली, "मी कशाला बोलू? मला काम मिळालंय."

प्रदर्शनाला बाईंनी सगळ्यांच्या घरच्यांना बोलावलं. अप्पांना लातूरला दुकानाचा माल आणायचाच होता. ते म्हणाले, "चला दोड्डव्वा, नवा जिल्हा बघून येऊ. आपल्या नंदीचं नाव झालंय म्हणत्यात." मी बरीच कारणं काढली. ऊन आहे, एसटीला गर्दी असेल, तिथं पाणी मिळत नाही. दोड्डव्वा माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझं नाव झालंय तर मी बघू नको का?" तिनं धुवट इरकल नेसली, कपाळाला विभूती लावली आणि कंबरेच्या चंचीत नेहमीसारखी सुई, दोरा आणि छोटी कात्री घेतली. ती चंची सोडून ती कुठंच जायची नाही.

प्रदर्शन एका मोठ्या मांडवात होतं. गोधड्या दोऱ्यांवर टांगलेल्या होत्या, वर पाटीवर लिहिलं होतं, लातूर जिल्ह्याची पारंपरिक गोधडी. जागा कमी पडली म्हणून पाच-सहा गोधड्या खाली, पाहुण्यांच्या बैठकीवर अंथरल्या होत्या. त्यांवर लोक बसले होते. एक लहान मूल कोपऱ्यावर उभं राहून नाचत होतं. त्याचे दोन्ही पाय बरोबर बेलावर.

दोड्डव्वा आधी टांगलेल्या गोधडीपाशी गेली. तिनं बेल हातात धरला. मग दुसरा. मग तिनं खाली बैठकीकडे पाहिलं आणि तिचा चेहरा असा झाला की अप्पा पुढं आले, त्यांना वाटलं तिला घेरी येते आहे. ती सरळ गेली, त्या मुलाला काखेत धरून उचललं, बाजूला ठेवलं, खाली बसली, चंचीतून कात्री काढली आणि मधल्या पानाचं टोक कापलं. कचकन, तिरकं. मग दुसऱ्या कोपऱ्याकडे सरकली. पाहुणे उठून उभे राहिले. मालतीबाई धावत आल्या.

"आजी, काय करताय? माल खराब होतोय!"

दोड्डव्वा थांबली नाही. कापता कापताच बोलत होती, आणि ती मराठीत बोलत होती, म्हणजे सगळ्यांना कळावं म्हणून. "बाई, अख्खा बेल म्हादेवाच्या डोक्यावर असतोय. त्याला मोडका बेल चालत न्हाई. आन् हिच्यावर माणसं झोपणार. पोरं मुतणार. पाय लागणार. म्हणून टोक तोडायचं. तोडलं की ते देवाचं राहत न्हाई, आपलं होतंय. मग निवांत झोपावं." ती पुढच्या गोधडीकडे वळली. "तुम्ही तीस जणींच्या अंथरुणात देव घातला की."

बाईंचा चेहरा उतरला होता. त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मांडवाच्या बांबूकडे बघत होते.

तिसरी गोधडी गोदाची होती. दोड्डव्वानं कोपरा हातात घेतला तेवढ्यात गोदा येऊन तिच्यासमोर उकिडवी बसली. "दोड्डव्वा, ही माझी हाय."

"मग आण इकडं. नीट करून देते."

"नको ना. दोड्डव्वा, पाया पडते. कापलेल्या दिसल्या तर कुणी मागणार न्हाई. वर्ग बंद होतोय. मला परत खडीवर जावं लागतंय." तिचा डावा हात गोधडीवर होता. अंगठ्यावरचं अर्धं उगवलेलं नख दिसत होतं, पांढरट, मऊ.

दोड्डव्वा त्या हाताकडे बघत राहिली. मग तिनं कात्री मिटली आणि चंचीत घातली. कोपरा हातानं सारखा केला, त्याला कपाळ लावलं, देवासमोर टेकवावं तसं, आणि उठली. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "घेणाऱ्याला म्हणावं, पाय सांभाळून ठिवा." मांडवाबाहेर जाताना ती अप्पांना म्हणाली, "चला. जिल्हा बघून झाला."

एसटीत ती खिडकीशी बसली. तिनं शिक्षा करावी म्हणून मी वाट बघत होते. मारलं असतं तर सुटले असते. घरी आल्यावर अव्वानं माडगं वाढलं, ते तिनं प्यायलं, वाटी पालथी घातली आणि पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "मला का इचारली न्हाईस?"

मी म्हणाले, "तू न्हाई म्हणली असतीस."

"न्हाई म्हणले नसते," ती म्हणाली. "बस म्हणले असते."

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगते. मागणी आली. वर्ग चालू राहिला, त्या दुष्काळाच्या अखेरीपर्यंत आणि त्यानंतरही काही दिवस. गोदा परत खडीवर गेली नाही. पुढं तिनं शिलाई मशीन घेतलं, आज तिच्या सुना ते चालवतात. तो पुठ्ठा या गावातून त्या गावात गेला. मालतीबाईंनी नव्या पुठ्ठ्यांवर टोक तोडायला सांगितलं, पण तोवर जुने इतके पसरले होते की कुणाचा कुठला ते कळायचं नाही. मी चुकले का, असं मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. तीस बायकांच्या हिशेबानं नाही. दोड्डव्वाच्या हिशेबानं हो. दोन्ही उत्तरं एकाच वेळी खरी आहेत आणि त्यातलं एक पुसून टाकायची कला मला आली नाही. हल्ली नांदेडच्या दुकानांत बेलाच्या छापाच्या चादरी मिळतात, यंत्रावर छापलेल्या, टोक शाबूत. मी त्या विकत घेत नाही. त्याबद्दल कुणाशी भांडतही नाही.

दोड्डव्वाचं काही हरवलं असेल तर ते हे, की आमच्या ओसरीत त्यानंतर कुणी मागायला आलं नाही. गरजच उरली नव्हती. पुठ्ठा कुणाकडेही होता. ती तिथं बसायची, काठापासून आत टाके घालायची, आणि समोरची बाजू रिकामी असायची. मी कधीतरी जाऊन बसले असते तर चाललं असतं. पण कुठल्या तोंडानं बसायचं, हे मला कळत नव्हतं, आणि ते कळेपर्यंत माझं लग्न ठरलं. सासर नांदेड जिल्ह्यातलं, उमरीचं. शिक्षकाचं घर, घरात मराठी, कानडीचा एक शब्द नाही.

आमच्यात नवरीबरोबर माहेरची कवदी जाते आणि सासरच्या बायका तिच्यावर बसून नवरीच्या हातचं पाणी पितात. दोड्डव्वानं माझी कवदी वर्षभर शिवली, कुणाला हात लावू न देता. लग्नाच्या आदल्या दिवशी तिनं ती घडी मोडून ओसरीत पसरली. मधला भाग इतका दाट शिवलेला की कापड दिसेना, नुसते टाके. चारही कोपरे कोरे. पांढऱ्या कापडाचे चार चौकोन, कडेनं शिवून घेतलेले, आत काही नाही. अव्वा तोंडाला पदर लावून आत गेली. तिला वाटलं, आपल्या लेकीला माहेरचा कोपरा नाकारला.

मीही तेच समजले. म्हणाले, "दोड्डव्वा, कोपरे राहिले."

"राहिले न्हाईत. ठिवलेत." ती कवदीवरचे दोऱ्याचे तुकडे टिपत होती. "बेल आता घरोघर हाय नंदे. तू कापलेला हाय. त्यातलाच एक तुला पुन्हा देऊन मी काय करू? जिथं चाललीस तिथं कुणी काय मागतंय, काय देतंय, ते बघ. चार-सहा वरसं ऱ्हा. मग तुझ्या हातानं काप, घडी घालून. कागद घिऊ नको."

"आणि काय कापायचं तेच सुचलं नाही तर?"

"तर कोरं ऱ्हाऊ दे. कोऱ्यावर पाय ठिवला तर कुणाला काय लागत न्हाई."

मग तिनं मला समोरच्या बाजूला बस म्हटलं. एका काठाचा टाका थोडा सैल झाला होता. आम्ही दोघींनी तो मिळून घट्ट केला. तेवढंच मी तिच्याबरोबर बसून शिवलं. उमरीला आल्यावर सासूबाई आणि चार नातेवाईक बायका त्या कवदीवर बसल्या, माझ्या हातचं पाणी प्यायल्या, आणि सासूबाईंनी कोपऱ्यावर हात फिरवला. बाई मनानं साध्या होत्या, टोचून बोलायचं त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

"काम फार छान आहे," त्या म्हणाल्या. "कोपऱ्यांना कापड पुरलं नाही का गं? तुमच्याकडे दुष्काळ होता ना."

"हो," मी म्हणाले. "पुरलं नाही."